घरगुती लेखनशाळा : शीर्षकांचे अंक कां चुकतात?

ग्रंथाचें नांव एकदां ठेवलें म्हणजे तें सहसा बदलावें लागत नाहीं. परंतु आंतील प्रकरणांचे अंक मात्र लिहिणाऱ्याला शेवटच्या दिवसापर्यंत स्वस्थ बसूं देत नाहींत. मध्येंच एखादें प्रकरण नवें घालावें लागतें, एखादें गाळावें लागतें, दोन लहान प्रकरणांचें एक करावें लागतें. आणि अशा प्रत्येक फेरफाराबरोबर पुढच्या सर्व अंकांना हात लावावा लागतो. पूर्वीं हें काम शाईनें खोडून होत असे. आतां घरोघरीं संगणक आले आणि अंक घालण्याचें काम यंत्राकडे गेलें. यंत्र तें काम मनुष्यापेक्षां चोख करतें, यांत शंका नाहीं. असें असूनही ‘अंक आपोआप बदलले’, ‘अंक पुन्हां एकापासून सुरू झाले’, ‘अनुक्रमणिकेंत एक आणि आंत दुसराच’, अशा तक्रारी ज्या घरांत कोणी विद्यापीठासाठीं प्रबंध लिहीत आहे, कोणी कुलवृत्तान्त जुळवीत आहे किंवा कोणी संस्थेचा अहवाल तयार करीत आहे, त्या घरांतून नेहमीं ऐकूं येतात. म्हणून या महिन्यांत या विषयाचा थोडा खोलांत जाऊन विचार करण्याचें योजिलें आहे.

एका भगिनींचें पत्र या बाबतींत फार बोलकें आहे. त्यांनीं सासरच्या घराण्याचा कुलवृत्तान्त चार वर्षें खपून तयार केला. प्रत्येक शाखेला एक प्रकरण, प्रत्येक प्रकरणांत पिढीवार उपप्रकरणें, आणि त्यांना १.१, १.२ असे अंक. छापावयास देण्याच्या सुमारास पैठणकडील एका विस्मृत शाखेची वंशावळ हातीं आली. ती त्यांनीं तिसऱ्या प्रकरणाच्या जागीं घातली. यंत्रानें जुन्या तिसऱ्या प्रकरणाला चार हा अंक दिला, चवथ्याला पांच दिला. हें सर्व यथायोग्य झालें. परंतु मजकुरांत ठिकठिकाणीं ‘यांच्या दत्तकविधानाचा वृत्तान्त ३.४ मध्यें पाहावा’ अशीं वाक्यें हातानें लिहिलेलीं होतीं, तीं जशींच्या तशीं राहिलीं. परिणाम असा झाला कीं, एका घरचा दत्तक पुत्र दुसऱ्याच घरांत जाऊन बसला! भगिनी विचारतात, ‘यंत्रावर विसंबून राहिलें हें चुकलें काय? सगळे अंक पुन्हां हातानेंच घालावे काय?’

प्रश्न हंसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. कुलवृत्तान्त पुढच्या पिढ्या प्रमाण मानतात. ज्यांनीं मूल दिलें आणि ज्यांनीं घेतलें, तीं माणसें विचारावयास आज हयात नसतात. येथें एक अंक चुकला तर एका मुलाचा बाप चुकतो. परंतु सर्व अंक पुन्हां हातानें घालणें हा त्यावरचा उपाय नव्हे; तो रोगापेक्षां भयंकर आहे. कां, तें पाहूं.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. अंक दोन प्रकारचे असतात : एक स्थानदर्शक आणि दुसरा नामरूप. पंगतींत बसलेल्या मनुष्याचा ‘पांचवा’ हा अंक स्थानदर्शक होय. मध्यें कोणी पाहुणा येऊन बसला कीं तो सहावा होतो, आणि त्यांत त्याचें कांहींएक बिघडत नाहीं. परंतु सातबाऱ्यावरचा गट क्रमांक हें त्या जमिनीचें नांव आहे. शेजारच्या जमिनीची वाटणी झाली म्हणून आपल्या जमिनीचा क्रमांक सरकत नाहीं. सरकूं लागला तर कोणाचें शेत कोणाच्या नांवावर जाईल याचा नेम राहणार नाहीं. म्हणून वाटणी झाली कीं त्याच क्रमांकापुढें तिरपी रेघ देऊन एक, दोन असे पोटहिस्से पाडतात. मूळ अंक कायम राहतो.

आपल्या जिल्ह्यांतलेंच एक उदाहरण घ्या. अजिंठ्याच्या लेण्यांचे अंक कोरण्याच्या कालक्रमानें दिलेले नाहींत. वाघूर नदीच्या नालाकृति वळणावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जातांना जसजशीं लेणीं लागतात, तसतसे ते दिलेले आहेत. म्हणून पहिल्या क्रमांकाचें लेणें इसवी सनाच्या पांचव्या शतकांतलें, आणि त्याहून कित्येक शतकें जुनें असलेलें चैत्यगृह मात्र दहाव्या क्रमांकाचें. १८१९ सालीं जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडलें तें हेंच दहावें लेणें. म्हणजे आरंभीं हे अंक केवळ स्थानदर्शक होते. पुढें काय झालें पाहा. सोळाव्या लेण्याच्या हत्ती कोरलेल्या प्रवेशद्वाराजवळ एक अगदीं लहान लेणें आहे. तें मूळ अंकमालेंत नव्हतें, म्हणून त्याला ‘१५-अ’ म्हटलें गेलें. विसाव्या आणि एकविसाव्या लेण्यांच्या दरम्यान उंचावर असलेलें एक लेणें पहिल्या मोजणींत सुटलें होतें. त्याला २९ हा अंक मिळाला. १९५६ सालीं दरड कोसळून पडलेली माती दूर करतांना सोळाव्या लेण्याच्या वाटेजवळ एक प्राचीन विहार उघडा पडला. तो झाला तिसावा. म्हणजे तिसावें लेणें पंधराव्या-सोळाव्याच्या शेजारीं!

सर्व लेण्यांची पुन्हां मोजणी करून नवे अंक घालावयास एक दिवसही लागला नसता. परंतु तसें कोणी केलें नाहीं, हें फार शहाणपणाचें झालें. कारण तोंपर्यंत त्या अंकांचीं नांवें बनलीं होतीं. सोळाव्या, सतराव्या लेण्यांतील चित्रांविषयीं ग्रंथ लिहिले गेले होते, नकाशे निघाले होते, छायाचित्रांखालीं ओळी छापल्या होत्या. अंक बदलले असते तर तें सर्व वाङ्मय एका रात्रींत खोटें पडलें असतें. वेरूळचीही तीच तऱ्हा. तेथें १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदु आणि ३० ते ३४ जैन अशी अंकांची वाटणी आहे, आणि कैलास सोळावा आहे. तो सोळावा कां, हें आतां कोणी विचारीत नाहीं. अंक हेंच त्याचें दुसरें नांव झालें आहे.

आपल्या राज्यघटनेंतही हाच न्याय पाळलेला आहे. २६ जानेवारी १९५० रोजीं ती अमलांत आली तेव्हां तींत ३९५ अनुच्छेद होते. त्यानंतर कितीतरी नवे अनुच्छेद आले. तरी शेवटचा अंक आजही ३९५ हाच आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनें नागरिकांचीं मूलभूत कर्तव्यें आलीं, तीं ‘५१-क’ म्हणून आलीं. २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीनें मुलांच्या शिक्षणाचा हक्क आला, तो ‘२१-क’ म्हणून. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनें मालमत्तेसंबंधींचा ३१ वा अनुच्छेद गाळला गेला, तेव्हां बत्तिसाव्याला पुढें सरकवून ती जागा भरली नाहीं. ती रिकामीच ठेवली. न्यायनिवाड्यांतून, ग्रंथांतून आणि लोकांच्या तोंडीं बसलेला अंक हलवावयाचा नाहीं, हें त्यामागचें धोरण.

हें धोरण एकदम बाजूस ठेवावें लागतें तेव्हां काय होतें, याचाही अनुभव आपण अलीकडे घेतला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेंत ५११ कलमें होतीं. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. तींत ३५८ कलमें आहेत. खुनाच्या शिक्षेचें ३०२ वें कलम आतां १०३ वें झालें आणि फसवणुकीचें ४२० वें कलम ३१८ वें झालें. कायदा सर्वस्वीं नवा केल्यावर अंक नवे येणारच. परंतु त्या तारखेपूर्वींच्या गुन्ह्यांना जुनाच कायदा लागू असल्यामुळें दोन्ही अंकांचें कोष्टक जवळ बाळगणें प्राप्त झालें. लोकांच्या बोलण्यांतला चारशेंवीस मात्र अजून चारशेंवीसच आहे.

या सर्वांतून निघणारा नियम सोपा आहे. लेखन चालू असेपर्यंत अंक हा स्थानदर्शक असतो. तो पूर्णपणें यंत्राच्या स्वाधीन करावा. लेखन छापून लोकांच्या हातीं गेलें कीं तोच अंक नामरूप होतो. त्यानंतर त्याला हात लावूं नये. पत्र पाठविणाऱ्या भगिनींच्या ग्रंथांत घोटाळा झाला तो यंत्रामुळें नव्हे. शीर्षकांचे अंक स्थानदर्शक होते आणि मजकुरांतले निर्देश नामरूप होते. एकाच ग्रंथांत एकाच वेळीं दोन्ही प्रकार नांदत होते, हें त्याचें खरें कारण. अर्धे अंक यंत्राकडे आणि अर्धे आपल्याकडे अशी भागीदारी कधींही करूं नये.

आतां यंत्राकडे वळूं. बहुतेक घरांत मायक्रोसॉफ्ट वर्ड हें साधन असतें, म्हणून त्याचेंच उदाहरण घेतों. लिबरऑफिस वापरणाऱ्यांस हींच तत्त्वें लागू आहेत. तेथें ‘टूल्स’ या यादींत शीर्षकांच्या अंकांसाठीं स्वतंत्र चौकट दिलेली आहे.

या यंत्राची रीत समजावी म्हणून संस्कृताच्या विद्यार्थ्यांना परिचित असा एक दृष्टान्त देतों. पाणिनीची अष्टाध्यायी म्हणजे आठ अध्याय, प्रत्येक अध्यायाचे चार पाद, आणि पादांत सूत्रें. म्हणून सूत्राचा निर्देश तीन अंकांनीं होतो. त्यांतील कांहीं सूत्रें अधिकारसूत्रें आहेत. अधिकारसूत्र स्वतः थोडें सांगतें. परंतु त्याची सत्ता पुढील सूत्रांवर, ठरलेल्या सीमेपर्यंत चालते. ती सीमा कळली नाहीं तर पुढील सूत्रांचा अर्थच बिघडतो. वर्डमध्यें ‘हेडिंग १’ ही शैली प्रकरणाचा अधिकार सुरू करते, आणि तो अधिकार पुढच्या ‘हेडिंग १’ पर्यंत चालतो. त्याच्या पोटांत ‘हेडिंग २’ चा अधिकार, त्याच्या पोटांत ‘हेडिंग ३’ चा. यंत्र अक्षरें वाचीत नाहीं. आपण एखादी ओळ ठळक केली, मोठी केली, मध्यभागीं आणली, तरी तिला शैली दिली नसेल तर यंत्राच्या दृष्टीनें ती साधी ओळच राहते. तिचा अधिकार सुरू होत नाहीं आणि मागच्याचा संपतही नाहीं. बहुतेक तक्रारींचें मूळ एवढ्यांतच आहे.

कोणताही उपचार करण्यापूर्वीं एक परीक्षा करावी. शंकास्पद अंकावर एकदां टिचकी मारावी. अंकाला करडी छाया आली आणि त्याच पातळीवरचे इतर अंकही तसेच दिसूं लागले, तर तो यंत्रानें घातलेला अंक आहे. उलट, सरक अंकाच्या आंत शिरला आणि एक-एक अक्षर खोडतां येऊं लागलें, तर तो कोणीतरी हातानें टाइप केलेला आहे. निदान असें झालें म्हणजे पुढील लक्षणें क्रमानें ताडून पाहावीं.

पहिलें लक्षण : नवें प्रकरण घातलें तरी पुढचे अंक हालत नाहींत. हा हातानें टाइप केलेला अंक. तो खोडून टाकावा आणि त्या ओळीस योग्य ती हेडिंग शैली द्यावी. हातचा अंक तसाच ठेवून वर शैली दिली तर ‘३. ३. शिक्षण’ असे दोन अंक दिसतील. तें पाहून घाबरूं नये, हातचा तेवढा खोडावा.

दुसरें लक्षण : अंक यंत्राचाच आहे, पण मध्येंच पुन्हां एकापासून सुरू होतो किंवा दुसऱ्याच यादीचा पुढचा अंक घेतो. येथें अंक शैलीशीं बांधलेला नसून, प्रत्येक शीर्षकावर जाऊन अंकांची कळ दाबून घातलेला असतो. अशा वेळीं यंत्राच्या पोटांत एक यादी नसून दहा याद्या तयार झालेल्या असतात. अंकावर उजवी टिचकी मारून ‘रीस्टार्ट अॅट वन’ किंवा ‘कंटिन्यू नंबरिंग’ म्हणतां येतें. परंतु ती मलमपट्टी आहे, पुढच्या फेरफारांत जखम पुन्हां उघडते. खरा उपाय असा : ग्रंथांतल्या पहिल्या प्रकरणाच्या शीर्षकावर सरक ठेवावा. ‘होम’ मधील ‘मल्टिलेव्हल लिस्ट’ उघडून ‘डिफाइन न्यू मल्टिलेव्हल लिस्ट’ निवडावें आणि ‘मोअर’ म्हणावें. पहिली पातळी निवडून ‘लिंक लेव्हल टु स्टाइल’ पुढें ‘हेडिंग १’ ठेवावें. दुसऱ्या पातळीला ‘हेडिंग २’, तिसरीला ‘हेडिंग ३’. हें सर्व एकाच वेळीं, एकाच चौकटींत करावें, आणि ग्रंथांत एकदांच करावें. त्यानंतर अंकांच्या कळेकडे जाऊं नये. फक्त शैली द्यावी. एखादें जुनें शीर्षक तरीही हट्ट धरून बसलें, तर त्यावर सरक ठेवून कंट्रोल आणि क्यू दाबावें. वरून लादलेली सजावट उतरून शैलीचा मूळ अंक येतो.

तिसरें लक्षण : दुसरें प्रकरण सुरू झालें, तरी उपप्रकरणांचे अंक १.५, १.६ असे पहिल्याचेच चालू राहतात. येथें दुसऱ्या प्रकरणाच्या शीर्षकाला ‘हेडिंग १’ दिलेलें नाहीं. तें नुसतें ठळक केलें आहे. वर सांगितल्याप्रमाणें मागचा अधिकार संपलेलाच नाहीं. शीर्षकाला शैली दिली कीं आपोआप २.१ होतें. प्रकरणाचा अंक बरोबर दोन आहे, पण उपप्रकरण २.५ पासून सुरू होतें, असें असेल तर त्याच चौकटींत दुसऱ्या पातळीवर ‘रीस्टार्ट लिस्ट आफ्टर’ ही खूण आहे कीं नाहीं तें पाहावें.

चवथें लक्षण : अंक मध्येंच उडी घेतो, ३.२ नंतर एकदम ३.४. हें भूत नव्हे. शीर्षकानंतर एंटर दाबतांना एखादी रिकामी ओळ हेडिंग शैलींतच राहून गेलेली असते. कंट्रोल, शिफ्ट आणि आठ दाबलें म्हणजे परिच्छेदांच्या खुणा दिसूं लागतात. ज्या रिकाम्या ओळीला अंक आहे ती काढून टाकावी किंवा तिला साधी शैली द्यावी.

पांचवें लक्षण : दुसऱ्याच्या लेखनांतून उचलून आणलेल्या शीर्षकांचे अंक निराळे वागतात. संयुक्त कुटुंबांत एक प्रकरण काकांनीं लिहिलेलें, दुसरें वहिनींनीं, असें नेहमींच होतें. उचललेला मजकूर आपली यादी बरोबर घेऊन येतो. म्हणून चिकटवितांना ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ हा पर्याय घ्यावा आणि आपल्या ग्रंथाची शैली नव्यानें द्यावी. थोडा वेळ जातो. परंतु सुनेनें माहेरचा पाट आणला तरी स्वयंपाक सासरच्याच चुलीवर व्हावयाचा असतो.

सहावें लक्षण : शीर्षकें बरोबर आहेत, पण अनुक्रमणिकेंत जुनेच अंक. अनुक्रमणिका आणि निर्देश हे आरसे आहेत, पण सांगितल्याखेरीज नवें प्रतिबिंब घेत नाहींत. कंट्रोल आणि ए दाबून सर्व मजकूर निवडावा व एफ-नऊ ही कळ दाबावी. अनुक्रमणिकेबद्दल यंत्र विचारील, तेव्हां केवळ पृष्ठांक न बदलतां संपूर्ण अनुक्रमणिका बदलण्याचा पर्याय घ्यावा. जेथें निर्देशाच्या जागीं ‘संदर्भ सांपडला नाहीं’ अशा अर्थाचें इंग्रजी वाक्य ठळक अक्षरांत उमटेल, तेथें मूळ शीर्षक खोडलें गेलें आहे असें समजावें. असें वाक्य छापील प्रबंधांत तसेंच राहून गेलेलें अनेकांनीं पाहिलें असेल. म्हणून एफ-नऊ दाबल्यावर ग्रंथ एकदां डोळ्यांखालून घालणें आवश्यक आहे.

सातवें लक्षण क्वचित् आढळतें, पण फार भीति घालतें : अंकाच्या जागीं काळाकुट्ट चौकोन. मजकूर नष्ट झालेला नसतो. त्या चौकोनाच्या उजवीकडे सरक ठेवावा, चौकोन करडा होईपर्यंत डावीकडची बाणकळ दाबावी, मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस दाबून येणाऱ्या लहान चौकटींत ‘रीअप्लाय’ म्हणावें.

मराठी लेखनांत आणखी दोन अडचणी येतात. एक, प्रकरणाचा अंक देवनागरी आणि उपप्रकरणाचा इंग्रजी. प्रत्येक पातळीचा अंकप्रकार स्वतंत्र निवडावा लागतो, हें लक्षांत न घेतल्यामुळें असें होतें. त्याच चौकटींत प्रत्येक पातळीवर जाऊन देवनागरी अंकांचा प्रकार निवडावा. ‘लीगल स्टाइल नंबरिंग’ या शब्दांपुढें खूण असेल तर ती काढावी. ती असेपर्यंत यंत्र त्या पातळीवरचे सर्व अंक इंग्रजीच ठेवतें. दोन, प्रस्तावना व ऋणनिर्देश यांना अंक नको असतो, पण अनुक्रमणिकेंत स्थान हवें असतें. त्यासाठीं ‘हेडिंग १’ देऊन अंक खोडीत बसूं नये. ‘हेडिंग १’ वर आधारलेली, पण अंकरहित अशी एक निराळी शैली करून तिला ‘प्रस्तावना’ असें नांव द्यावें.

आतां भगिनींच्या मूळ प्रश्नाचें उत्तर. मजकुरांतील प्रत्येक ‘३.४ पाहावें’ शोधून तेथील हातचा अंक खोडावा; त्या जागीं ‘रेफरन्सेस’ मधील ‘क्रॉस-रेफरन्स’ उघडून, प्रकार ‘हेडिंग’ घेऊन, तें शीर्षक निवडावें आणि ‘हेडिंग नंबर’ घालावा. यापुढें कितीही शाखा सांपडल्या तरी निर्देश आपल्या शीर्षकाला सोडणार नाहीं. एफ-नऊ तेवढें दाबावें लागेल. मात्र जे निर्देश आज चुकले आहेत, ते कोणत्या घराकडे जावयाचे होते हें यंत्राला माहीत नाहीं. तें जुनी प्रत आणि मूळ कागद समोर ठेवून मनुष्यानेंच ठरविलें पाहिजे. आणखी एक सूचना : दत्तक, वाटणी, वारसा अशा विषयांत नुसता अंक कधींही लिहूं नये. ‘अमुक शाखा, अमुक यांचे नातू, ३.४’ असें नांवासह लिहावें. अंक चुकला तर नांव सांवरून घेतें, आणि दोन समान नांवें आलीं तर अंक सांवरून घेतो. वाटणीपत्राच्या मसुद्यांतही ‘परिशिष्ट दोन मधील तिसरी जमीन’ एवढ्यावर न थांबतां गांव आणि गट क्रमांक लिहावा. सही झाल्यावर यादींतला ‘तिसरी’ बदलतां येत नाहीं, आणि त्यापूर्वीं तो कितीदां बदलला हें कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं.

ग्रंथ पुरा झाला, सर्व अंक तपासून झाले, म्हणजे त्याची पीडीएफ प्रत करावी आणि वर तारीख घालावी. त्या क्षणापासून अंकांचीं नांवें झालीं. छापणाऱ्याकडे, विद्यापीठाकडे, नातलगांकडे तीच प्रत जावी. वर्डची प्रत हातोहात फिरवूं नये. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळीं नवी शाखा सांपडली, तर दोन मार्ग मोकळे आहेत. पहिल्या आवृत्तीचा आधार कोणी फारसा घेतलेला नसेल, तर सर्व अंक नव्यानें पडूं द्यावे आणि तसें प्रस्तावनेंत स्पष्ट नमूद करावें. परंतु पहिली प्रत घरोघरीं गेलेली असेल, तिच्या आधारें पत्रव्यवहार झालेला असेल, तर अजिंठ्याचा मार्ग बरा : नव्या शाखेला ‘२-अ’ म्हणावें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पुरी केली, तींतही हेंच तत्त्व दिसतें. कांहीं मोजक्या पोथ्यांतच आढळणाऱ्या ओळी संपादकांनीं मूळ श्लोकांच्या अंकमालेंत मिसळल्या नाहींत. त्यांना तारांकित असा स्वतंत्र अंक देऊन पानाखालीं ठेवलें, आणि मोठे भाग परिशिष्टांत नेले. त्यामुळें कांहीं टाकलेंही गेलें नाहीं आणि मुख्य अंक हाललाही नाहीं.

ज्यांच्या घरीं सध्यां एखादें लेखन चालू आहे, त्यांनीं आज रात्रीं एवढेंच करावें : प्रकरणांच्या प्रत्येक अंकावर टिचकी मारून तो हातचा कीं यंत्राचा तें पाहावें, आणि मजकुरांतले निर्देश मोजून ठेवावे. दोनशें पानांच्या ग्रंथाला एक घटका पुरे. शेवटच्या आठवड्यांत हेंच काम तीन रात्री घेतें, आणि तेंही छापखान्याचा माणूस दारांत उभा असतांना.

पुढील महिन्यांत तळटीपांचा विचार करूं. त्यांच्या अंकांची गोष्ट याहून निराळी आहे.